फुलझाडांच्या मुळांवरील किडी : ओळख, उपचार आणि वेळ

पानांवरची कीड चटकन नजरेत भरते आणि कळी पोखरणारी अळी फुले तोडताना हाती लागते. परंतु मुळांवर जगणाऱ्या किडीचे काम मातीखाली चालत असल्याने तिचा पत्ता बहुधा झाड कोलमडू लागल्यावरच लागतो. त्यातही अडचण अशी की, मुळे कुरतडली गेली, त्यांवर गाठी आल्या, ती कुजली किंवा त्यांना नुसते पाणी कमी पडले, तरी झाडाच्या वरच्या भागावर उमटणारी लक्षणे जवळजवळ सारखीच असतात : पाने निस्तेज होतात, खालची पाने पिवळी पडून गळतात, दुपारच्या उन्हात झाड मान टाकते, नवी फूट खुरटते आणि फुले लहान व विरळ येऊ लागतात. ही लक्षणे पाहून कोणी पाणी वाढवतो, कोणी खत देतो, तर कोणी दुकानातून आणलेले दाणेदार औषध आळ्यात टाकतो. आणि खरे कारण न सापडल्यामुळे यांपैकी एखादा उपाय झाडाला उलट अपायकारक ठरतो. म्हणून मुळांच्या किडींबाबत पहिला नियम असा मानला पाहिजे की, मुळे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणताही उपचार सुरू करू नये. आणि दुसरा असा की, कीड ओळखल्यानंतरही ती आपल्या जीवनक्रमाच्या ज्या टप्प्यावर दुबळी असते, तोच टप्पा उपचारासाठी निवडावा. महाराष्ट्रातील घरगुती बागांत, गच्चीवरील कुंड्यांत आणि गुलाब, शेवंती, निशिगंध, मोगरा, जरबेरा यांच्या लागवडीत आढळणाऱ्या प्रमुख मूळकिडींचा विचार या लेखात याच दोन नियमांना धरून केला आहे.

मुळांची तपासणी

तपासणीची सुरुवात पाण्यापासून करावी. बोटाने दोन-तीन इंच खोल माती उकरून पाहिल्यावर ती ओलसर लागत असेल आणि तरीही झाड सकाळच्या गारव्यात ताजेतवाने होत नसेल, तर दोष पाण्याच्या प्रमाणात नसून पाणी शोषणाऱ्या मुळांत आहे, असे समजण्यास हरकत नाही. त्यानंतर झाडाचे खोड जमिनीलगत धरून हलकेच वर ओढून पाहावे. निरोगी झाड मातीला घट्ट धरून राहते, मुळे कुरतडली गेलेले झाड थोड्याशा ओढीने सैल होते, आणि हुमणीचा उपद्रव वाढलेला असेल तर शेवंती किंवा अ‍ॅस्टरचे रोप बुडख्यासकट सहज हातात येते.

जमिनीतील झाडाच्या बाबतीत खोडापासून वीतभर अंतरावर, एका बाजूने, पंधरा ते वीस सेंटिमीटर खोल माती खुरप्याने काढावी आणि ती पांढऱ्या कापडावर किंवा जुन्या गोणपाटावर पसरून ढेकळे फोडत तपासावी. कुंडीतील झाडाच्या बाबतीत आदल्या दिवशी पाणी देऊन, कुंडी आडवी करून, तिच्या कडेवर हलके ठोके देत मुळांचा गोळा अखंड बाहेर काढावा, कारण अनेक किडी गोळ्याच्या मध्यभागी नसून कुंडीची भिंत आणि माती यांच्यामधील फटीत किंवा तळाच्या भोकाजवळ असतात. काही बारीक मुळे बादलीतील पाण्यात हलवून स्वच्छ करावीत, कारण मातीने माखलेल्या मुळांवरच्या गाठी आणि मातीचा रवा यांतील फरक धुतल्याशिवाय कळत नाही. पूर्ण वाळलेल्या झाडापेक्षा नुकत्याच कोमेजू लागलेल्या झाडाची मुळे तपासणे अधिक उपयोगी पडते, कारण मेलेले मूळ सोडून कीड पुढच्या झाडाकडे गेलेली असते.

कीड नसतानाही दिसणाऱ्या खुणा

मुळांवर दिसणारी प्रत्येक विकृती किडीमुळेच झालेली असते असे नाही. पाण्याचा निचरा न होणाऱ्या कुंडीत बुरशीमुळे मूळकूज होते. अशी मुळे तपकिरी व मऊ पडतात, त्यांना कुबट वास येतो आणि चिमटीत धरून ओढल्यास मुळाची बाहेरची साल निसटून आतला बारीक दोरा तेवढा हातात राहतो. कुरतडलेल्या मुळाचे टोक मात्र तुटलेले व कोरडे दिसते आणि उरलेला भाग पांढरा व टणक असतो. गुलाबाच्या खोडाशी, जमिनीच्या पातळीवर, खडबडीत व लाकडासारखी कठीण गाठ येते, ती जिवाणूमुळे होणाऱ्या क्राउन गॉल या रोगाची असते आणि तिच्यावर कोणतेही कीटकनाशक चालत नाही. गोकर्णासारख्या शेंगवर्गीय वेलीच्या मुळांवर येणाऱ्या लहान गाठी तर हितकारक असतात, कारण त्यांतील जिवाणू हवेतील नत्र झाडाला उपलब्ध करून देतात. त्या नखाने हलके खरवडताच सुट्या होतात आणि त्यांतली कार्यक्षम गाठ चिरल्यास आत गुलाबीसर रंग दिसतो.

सकाळी जमिनीलगत कापून पडलेली कोवळी रोपे पाहूनही अनेकदा मुळांच्या किडीची शंका घेतली जाते. हे काम बहुधा रोपे कुरतडणाऱ्या काळपट, गुळगुळीत अळीचे असते. ती दिवसा मातीत वेटोळे करून बसते आणि रात्री बाहेर येऊन खोड कापते. पडलेल्या रोपाभोवतीची माती अंगुळभर उकरली की ती बहुधा तिथेच सापडते, आणि वेचून नष्ट करणे हाच लहान बागेतील पुरेसा उपाय असतो.

हुमणी

महाराष्ट्रातील बागांमध्ये मुळांचे सर्वाधिक नुकसान करणारी कीड म्हणजे हुमणी. विदर्भात तिला उन्नी असेही म्हणतात. ही स्वतंत्र जातीची अळी नसून तपकिरी भुंगेऱ्यांच्या निरनिराळ्या जातींची मातीत राहणारी बाल्यावस्था आहे. राज्यात माळजमिनीवर होलोट्रिकिया सेराटा ही जात मोठ्या प्रमाणावर आढळते, तर पश्चिम महाराष्ट्रात नदीकाठच्या जमिनींत ल्युकोफोलिस लेपिडोफोरा या जातीचा उपद्रव होतो. ही कीड प्रामुख्याने उसाची आणि भुईमुगाची म्हणून ओळखली जात असली, तरी गुलाब, शेवंती आणि अ‍ॅस्टरची मुळेही ती तितक्याच आवडीने खाते. अळी मळकट पांढरी, मांसल, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली असते. तिचे डोके तांबूस तपकिरी, जबडे मजबूत आणि छातीशी पायांच्या तीन जोड्या असतात, तर पोटाचा शेवटचा भाग आतल्या मातीमुळे करडा दिसतो.

मातीत सापडलेली प्रत्येक पांढरी जाड अळी मात्र हुमणी समजून मारू नये. शेणखताच्या खड्ड्यात आणि कंपोस्टमध्ये आढळणाऱ्या कित्येक अळ्या कुजलेल्या पाल्यावर जगतात आणि जिवंत मुळांना सहसा तोंड लावत नाहीत. यांतील फुलभुंगेऱ्यांच्या अळ्या ओळखण्याची खूण अगदी सोपी आहे : अळी सपाट फरशीवर किंवा ताटात ठेवून दोन मिनिटे पाहावी, ती पाठीवर उलटून, पाय वर करून, अंगाच्या लाटा काढत सरकू लागली, तर ती फुलभुंगेऱ्याची आहे असे समजून तिला पुन्हा खतात सोडावे. हुमणी अशी पाठीवर चालत नाही. ती कुशीवर पडून राहते किंवा पायांच्या आधाराने अडखळत पुढे जाते.

होलोट्रिकिया जातीच्या हुमणीचा जीवनक्रम साधारणपणे एका वर्षात पूर्ण होतो आणि तो पावसाशी बांधलेला असतो. मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनमध्ये वळवाचा चांगला पाऊस झाला की जमिनीत दडून असलेले भुंगेरे तिन्हीसांजेनंतर बाहेर पडतात, कडुनिंब, बाभूळ, बोर यांसारख्या झाडांवर जमून पाने खातात, तेथेच त्यांचे मीलन होते आणि पहाटेपूर्वी ते पुन्हा मातीत शिरतात. मादी ओलसर मातीत सुटी सुटी अंडी घालते. अंड्यांतून निघालेल्या बारीक अळ्या प्रथम कुजलेला पाला व तंतुमुळे खातात, दोनदा कात टाकून तिसऱ्या अवस्थेत पोचतात आणि या तिसऱ्या अवस्थेत, म्हणजे साधारण ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, जाड मुळांचा फडशा पाडतात. पुढे मातीतच कोष होतो, कोषातून भुंगेरा निघतो आणि तो पुढच्या वळवाची वाट पाहत जमिनीतच राहतो.

हा क्रम लक्षात घेतला तर उपचाराचे वेळापत्रक आपोआप ठरते. पहिली आणि सर्वांत फलदायी संधी भुंगेऱ्यांच्या उड्डाणाची असते. पहिल्या पावसानंतरच्या काही रात्री, साधारण साडेसात ते नऊच्या दरम्यान, बागेतील व कुंपणालगतच्या कडुनिंबाच्या आणि बोरीच्या फांद्या काठीने हलवून खाली पडणारे भुंगेरे गोळा करावेत आणि साबण किंवा थोडे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात बुडवून मारावेत. प्रकाश सापळा, म्हणजे दिव्याखाली साबणाच्या पाण्याचे घमेले ठेवलेली मांडणी, या काळात उपयोगी पडते. मात्र तो सापळा रात्रभर न लावता संध्याकाळचे दोन-तीन तासच लावावा, म्हणजे निरुपद्रवी कीटक विनाकारण मरत नाहीत. हे काम एकट्या घराने करण्यापेक्षा संपूर्ण गल्लीने किंवा वस्तीने एकाच आठवड्यात केले तर त्याचा परिणाम कितीतरी अधिक होतो, कारण भुंगेरे कुंपण मानत नाहीत.

दुसरी संधी जून-जुलैमध्ये, अळ्या लहान असताना येते. या वेळी मेटारायझियम अ‍ॅनिसोप्ली ही कीटकांना रोग लावणारी बुरशी मातीत मिसळावी. एली मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये ओडेसा येथे गव्हाच्या भुंगेऱ्याच्या अळ्यांवर याच बुरशीचा अभ्यास केला होता. म्हणजे मातीतील भुंगेरवर्गीय अळ्यांशी तिचा संबंध प्रारंभापासूनचा आहे. बुरशीचे बीजाणू अळीच्या त्वचेतून आत शिरतात, अळी खाणे सोडते, मरून कडक होते आणि नंतर तिच्या अंगावर हिरवट पूड दिसू लागते. साधारणतः एक लिटर पाण्यात ५ ते १० ग्रॅम भुकटी मिसळून मुळांजवळ ओतावी किंवा चांगल्या कुजलेल्या शेणखतात ती कालवून, ओलावा राखून, काही दिवस सावलीत ठेवावी आणि मग वाफ्यात मिसळावी. उत्पादनानुसार प्रमाण बदलत असल्याने पाकिटावरील सूचनेलाच अंतिम मानावे. ही बुरशी जिवंत असते, त्यामुळे जुने किंवा उन्हात ठेवलेले पाकीट घेऊ नये, ती संध्याकाळी व ओल्या मातीतच द्यावी आणि तिच्या आगेमागे बुरशीनाशक ओतू नये.

याच काळात कीटकभक्षी सूत्रकृमींचाही वापर करता येतो. हेटेरोरॅब्डायटिस इंडिका ही भारतात, कोइम्बतूर येथे, प्रथम नोंदली गेलेली जात हुमणीच्या शरीरात शिरून आपल्यासोबतचे जिवाणू तेथे सोडते आणि अळी साधारण दोन दिवसांत मरते. अशी मेलेली अळी विटकरी लाल दिसते आणि उपचार लागू पडल्याची ती खात्रीची खूण असते. ऑगस्टनंतर मात्र अळ्या मोठ्या व चिवट झालेल्या असतात, म्हणून त्या वेळी वाफा उकरून त्या हाताने वेचणे हाच घरगुती बागेतला सर्वांत भरवशाचा मार्ग ठरतो. माती सकाळी खणून काही वेळ उघडी ठेवली तर साळुंक्या, कावळे आणि बगळे या कामात मोठाच हातभार लावतात.

मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमी

सूत्रकृमी म्हणजे मातीत राहणारे, धाग्यासारखे, बहुधा डोळ्यांना न दिसणारे जीव. त्यांतील असंख्य जाती निरुपद्रवी असतात, तर मेलॉइडोगायनी या गटातील जाती मुळांत शिरून गाठी निर्माण करतात. पिल्लू मुळाच्या टोकाजवळून आत जाते, एका जागी स्थिरावते आणि त्याच्या लाळेतील द्रव्यांमुळे मुळाच्या पेशी फुगून राक्षसी आकाराच्या होतात. वाढलेली मादी तेथेच बसून अन्न घेते आणि चिकट पिशवीत शेकडो अंडी घालते. उबदार मातीत हे चक्र साधारण महिनाभरात पूर्ण होत असल्याने एका हंगामात अनेक पिढ्या होतात. निशिगंध, शेवंती, ग्लॅडिओलस, जरबेरा, कार्नेशन, गुलाब, तेरडा आणि कोंबडा ही फुलझाडे या किडीला सहज बळी पडतात, आणि हलक्या, वालुकामय मातीत किंवा वर्षानुवर्षे तेच पीक घेतल्या जाणाऱ्या पॉलिहाउसमध्ये तिचा जोर विशेष वाढतो.

धुतलेल्या मुळांवर मोहरीपासून वाटाण्याएवढ्या गाठी ओळीने दिसतात. या गाठी मुळाला बाहेरून चिकटलेल्या नसून मूळच त्या ठिकाणी सुजलेले असते, त्यामुळे खरवडून त्या सुट्या होत नाहीत. शंका राहिल्यास त्या मातीची कुंडी भरून तीत टोमॅटोची किंवा तेरड्याची तीन-चार रोपे लावावीत आणि पाच-सहा आठवड्यांनी ती उपटून मुळे पाहावीत. सूत्रकृमी असतील तर गाठी नक्की दिसतात. व्यावसायिक लागवडीत मात्र अनेक ठिकाणांहून मुळांसह माती गोळा करून, पिशवीचे तोंड बांधून, ती सावलीत ठेवून प्रयोगशाळेत पाठवावी, कारण उन्हात तापलेल्या नमुन्यातील सूत्रकृमी मरतात आणि अहवाल चुकीचा येतो.

लागण झालेल्या जिवंत झाडातून सूत्रकृमी समूळ काढून टाकता येत नाहीत. त्यांची संख्या सहन होण्याइतकी खाली आणणे एवढेच साध्य असते, आणि हे सुरुवातीलाच मान्य केले तर व्यर्थ खर्च टळतो. दर चौरस मीटरला १०० ते २०० ग्रॅम निंबोळी पेंड मातीत मिसळून हलके पाणी द्यावे. सूत्रकृमींच्या अंड्यांवर वाढणारी पर्प्युरिओसिलियम लिलासिनम ही बुरशी, जी बाजारात अजूनही पॅसिलोमायसिस या जुन्या नावाने मिळते, ती कुजलेल्या शेणखतातून मुळांजवळ द्यावी. ट्रायकोडर्मा दिल्यास गाठींच्या जखमांतून शिरणाऱ्या मररोगाच्या बुरशीलाही आळा बसतो. सुकलेली झाडे मुळांसह उपटून नष्ट करावीत. ती कंपोस्टच्या खड्ड्यात टाकली तर पुढच्या हंगामात तीच कीड खतातून सगळ्या बागेत पसरते.

झेंडूचा उपयोग या किडीविरुद्ध सर्वश्रुत असला तरी त्याची रीत नीट समजून घेतली पाहिजे. झेंडूच्या जिवंत मुळांत अल्फा-टर्थायेनिल नावाचे, सूत्रकृमींना घातक असलेले द्रव्य असते, आणि त्याचा प्रभाव मुळांच्या अगदी निकट असतो. त्यामुळे गुलाबाच्या दोन झाडांमध्ये एखादे झेंडूचे रोप लावून फारसे साधत नाही. संपूर्ण वाफ्यात दाट झेंडू लावून, तो दोन-तीन महिने वाढू देऊन, मग त्या जागी शेवंती किंवा निशिगंध घेतल्यास खरा लाभ होतो. शिवाय सूत्रकृमींच्या सर्व जातींवर झेंडूचा परिणाम सारखा होत नाही, म्हणून त्याला उन्हाळ्यातील मातीच्या तापवणीची जोड द्यावी. एप्रिल-मे महिन्यांत वाफा बारीक खणून, भरपूर पाणी देऊन, त्यावर पातळ पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद अंथरून सर्व कडा मातीने बंद कराव्यात आणि चार ते सहा आठवडे तो तसाच राहू द्यावा. कागद पारदर्शकच हवा, कारण काळ्या कागदाखाली माती तितकी तापत नाही.

वाळवी

वाळवीचा, म्हणजेच उदईचा, मूळ आहार वाळलेले लाकूड आणि मृत पालापाचोळा हा आहे. झाडाच्या जिवंत मुळांकडे ती बहुधा तेव्हाच वळते, जेव्हा माती फार कोरडी पडते, नवी कलमे अजून रुजलेली नसतात किंवा आळ्यात अर्धवट कुजलेले शेणखत, लाकडाचे तुकडे व जुन्या झाडाची खुंटे पडून असतात. खोडावर मातीचे ओलसर लेप किंवा बोगदे दिसणे आणि मुळाची साल खाऊन आत माती भरलेली आढळणे ही तिची निश्चित खूण होय. गुलाबाच्या नव्या कलमांचे आणि मोगऱ्याच्या जुन्या झुडपांचे नुकसान तिच्यामुळे विशेष होते.

खोडावरचे मातीचे लेप ब्रशने झाडून टाकावेत, आळ्यातील सर्व मृत लाकूड काढावे, पूर्ण कुजलेलेच खत वापरावे, निंबोळी पेंड मिसळावी आणि उन्हाळ्यात पाण्याच्या पाळ्या चुकवू नयेत. बहुतेक बागांत एवढ्याने उपद्रव आटोक्यात येतो. बागेबाहेरील प्रत्येक वारूळ उद्ध्वस्त करण्याची मात्र गरज नसते, कारण वाळवी मृत काष्ठाची माती करते आणि कोकण-गोव्यात पावसाळ्यात आवडीने खाल्ली जाणारी वारुळावरची अळंबी तिच्याच वसाहतीतील बुरशीतून उगवते. झाडाला प्रत्यक्ष इजा होत असेल तेव्हाच, आणि तेवढ्याच जागेपुरता, वाळवीचा बंदोबस्त करावा.

कुंडीतील दोन किडी

मुळांवरील पिठ्या ढेकूण ही अडेनियम, निवडुंग आणि जरबेरा यांच्या कुंड्यांतील दुर्लक्षित कीड आहे. मुळांचा गोळा बाहेर काढल्यावर कडेला कापसासारखे पांढरे ठिपके दिसतात. त्यांना पांढरी बुरशी किंवा मातीत मिसळलेला परलाइट समजण्याची चूक सहज होते. ठिपका नखाखाली चिरडल्यास ओलसर डाग उमटला, तर तो जिवंत कीटक असतो. कुंडीच्या भोकातून मुंग्यांची ये-जा सतत चालू असणे ही आणखी एक सूचना, कारण पिठ्या ढेकणांच्या अंगातून स्रवणाऱ्या गोड द्रवासाठी मुंग्या त्यांचे रक्षण करतात. अशा झाडाची सर्व माती काढून टाकावी, मुळे वाहत्या पाण्याखाली धुवावीत, लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर सौम्य द्रव साबण मिसळून त्यात ती काही मिनिटे बुडवावीत, कुंडी कढत पाण्याने धुवावी आणि झाड नव्या मिश्रणात लावून निदान महिनाभर इतरांपासून दूर ठेवावे.

कोकोपीट भरपूर असलेल्या व सतत ओल्या राहणाऱ्या कुंड्यांवर डासासारख्या बारीक काळ्या माश्या उडताना दिसतात. त्यांना फंगस नॅट म्हणतात. माशी निरुपद्रवी असली तरी तिची पारदर्शक, चकचकीत काळ्या डोक्याची अळी रोपांची कोवळी मुळे खाते. मातीवर बटाट्याची चकती ठेवून दोन-तीन दिवसांनी ती उलटून पाहिल्यास खालच्या बाजूला या अळ्या जमलेल्या आढळतात. वरचा इंचभर थर दोन पाण्यांच्या मध्ये पूर्ण वाळू देणे हाच यावरील मुख्य इलाज आहे. माश्यांसाठी पिवळे चिकट सापळे लावावेत आणि प्रादुर्भाव जास्त असल्यास बॅसिलस थुरिंजिएन्सिसच्या इस्रायलेन्सिस या प्रकाराचे द्रावण मातीत ओतावे.

रासायनिक औषधांविषयी विवेक

जुन्या बागकाम पुस्तकांत हुमणी व वाळवीसाठी बीएचसी आणि आल्ड्रिनच्या भुकट्या, तर सूत्रकृमींसाठी फोरेटचे दाणे सुचवलेले आढळतात. बीएचसीवर भारतात १९९७ पासून बंदी आहे, आल्ड्रिनही बंद झाले आहे आणि केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशानुसार फोरेटचा वापर ३१ डिसेंबर २०२० पासून थांबवण्यात आला आहे. म्हणून असे औषध कोणाकडे शिल्लक असले तरी ते वापरू नये. घरगुती बागेत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे : त्याच मातीत मुले खेळतात, त्याच अंगणात मांजर-कुत्री वावरतात, देवाला वाहिलेली फुले हाताळली जातात आणि गुलाबाशेजारच्या कढीपत्त्याची व पुदिन्याची पाने स्वयंपाकात येतात.

व्यावसायिक लागवडीत रासायनिक कीटकनाशक अपरिहार्य ठरले, तर त्या किडीसाठी व त्या वापरासाठी नोंदणी झालेलेच उत्पादन घ्यावे. त्याच्या वेष्टनावरील रंगीत त्रिकोण विषारीपणाची पातळी सांगतो : लाल म्हणजे अत्यंत तीव्र, पिवळा म्हणजे तीव्र, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे सौम्य. हातमोजे व बूट घालून, सांगितलेल्या मात्रेतच औषध द्यावे, विहिरीजवळ आणि ओढ्याच्या काठाला ते टाळावे, आणि मेटारायझियमसारखी जैविक औषधे नुकतीच दिलेल्या वाफ्यात ते वापरू नये. शंका असल्यास जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्राकडे बाटलीत घातलेली अळी किंवा धुतलेली मुळे घेऊन जावे. नुसत्या तोंडी वर्णनापेक्षा प्रत्यक्ष नमुन्यावरून दिलेला सल्ला कितीतरी अचूक असतो.

वर्षभराचा क्रम

एप्रिल व मे हे महिने मातीसाठी राखून ठेवावेत : रिकामे वाफे खोल खणावेत, पारदर्शक कागदाखाली तापवावेत आणि कुंड्यांची जुनी माती पातळ पसरून, ओलसर करून, प्लॅस्टिकखाली उन्हात ठेवावी. वळवाचा पाऊस होताच संध्याकाळी भुंगेरे गोळा करावेत आणि त्या काळात ताजे शेणखत बागेत आणू नये, कारण त्यातून अंडी व अळ्या येण्याचा धोका असतो. जून-जुलैत मेटारायझियम आणि निंबोळी पेंड द्यावी. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत आठवड्यातून एकदा कोमेजणाऱ्या झाडांची मुळे तपासून अळ्या वेचाव्यात. पावसाळा संपल्यावर गुलाबाची छाटणी आणि कुंड्या बदलण्याचे काम निघते, तेव्हा प्रत्येक झाडाची मुळे आपोआप हातात येतात. ही संधी वाया न घालवता गाठी आणि पांढरे ठिपके यांसाठी ती बारकाईने पाहावीत. रोपवाटिकेतून आणलेले नवे रोप कोणत्याही महिन्यात आणले तरी पिशवी कापून, मुळे पाहूनच लावावे, कारण सूत्रकृमी आणि पिठ्या ढेकूण हे दोन्ही स्वतःहून फार दूर जात नाहीत. ते माणसाने आणलेल्या मातीबरोबर, खुरप्याबरोबर आणि पाण्याबरोबर बागेत येतात.

मुळांच्या किडींवर एकाच वेळी आणि कायमचा विजय मिळवून देणारे औषध अस्तित्वात नाही. परंतु पूर्ण कुजलेले खत, निचरा होणारी माती, आलटून पालटून घेतलेली फुलझाडे, पहिल्या पावसातल्या काही संध्याकाळी आणि शंका येताच मुळे पाहण्याची सवय एवढ्यावर बहुतेक बागा निरोगी राहू शकतात. ज्या बागेत झाड कोमेजताच आधी खुरपे हाती घेतले जाते आणि मगच औषधाचा विचार होतो, त्या बागेत औषध क्वचितच लागते आणि लागले तरी ते योग्य किडीवर, योग्य वेळी पडते.